वारा कुठे विस्कटतो

पंखा बंद आहे, दारे-खिडक्या लावलेल्या आहेत आणि देव्हाऱ्यात उदबत्ती जळते आहे. धुराची रेघ सुरुवातीला सरळ वर चढते. थोड्या उंचीवर तिला हलका बाक येतो, मग दुसरा, मग वळणे एकमेकांत शिरतात आणि तिथून वर धुराला काही आकारच उरत नाही. अहमदपूर असो की आणखी कुठले गाव, हे दृश्य घरोघरचे आहे. पण रेघ नेमकी किती बोटांवर मोडेल असे कोणी विचारले, तर उत्तर देता येत नाही. उदबत्ती तीच आणि खोलीही तीच असते, तरी शेजारच्या खोलीचे दार कोणी लोटले की मोडण्याची जागा खाली सरकते.

हवा या दोन तऱ्हांनी वाहते. पहिल्या तऱ्हेत तिचे थर एकमेकांत न मिसळता एकमेकांवरून सरकतात. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत लहानमोठे भोवरे वरची हवा खाली आणि खालची वर फेकत राहतात. तो संक्षुब्ध प्रवाह. पहिल्यातून दुसऱ्यात होणाऱ्या बदलाला संक्रमण म्हणतात. धूर मोकळ्या हवेत असतो. विमानाचा पंख, पवनचक्कीचे पाते, जेट इंजिनाच्या टर्बाइनचे पाते यांच्यावर हेच संक्रमण पृष्ठभागाला लागून घडते, आणि तिथे ‘किती बोटांवर’ या प्रश्नाला पैशांत आणि इंधनात मोजावी अशी किंमत आहे. रेनॉल्ड्स अंक दहा लाख असताना सपाट पट्टीवरचा वारा सगळा संक्षुब्ध असेल, तर तो सगळा स्तरीय असताना होते त्याच्या सुमारे साडेतीनपट घर्षण होते. पृष्ठभाग आणि हवा यांच्यातली उष्णतेची देवघेवही त्याच बेताने वाढते.

रेनॉल्ड्स अंक म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. वाऱ्याचा वेग घ्या, त्याला पृष्ठभागाच्या कडेपासूनच्या अंतराने (नळी असेल तर तिच्या व्यासाने) गुणा आणि हवेच्या चिकटपणाच्या मापाने भागा. जो आकडा येतो तो मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात रंगाची बारीक धार मिसळली. वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर अखंड राही, वेग वाढवला की एका ठिकाणी ती अचानक पसरून जाई. आकडा २,००० च्या आसपास गेला की नळीतला प्रवाह बिघडू शकतो, हे वाक्य आज प्रत्येक अभियांत्रिकी पुस्तकात आहे. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र पुस्तके घाईने उरकतात. टाकीतले पाणी अगदी स्थिर होऊ देऊन, धक्का न लावता प्रयोग केला तेव्हा रेनॉल्ड्स यांना तो प्रवाह सुमारे १३,००० पर्यंत नितळ ठेवता आला. सुमारे शंभर वर्षांनी मँचेस्टरमध्ये त्यांच्याच मूळ उपकरणावर प्रयोग पुन्हा केला गेला. या वेळी प्रवाह रेनॉल्ड्स यांच्या आकड्याच्या आधीच विस्कटला, कारण बाहेरच्या रस्त्यावरच्या आधुनिक वाहनांची थरथर नळीपर्यंत पोहोचत होती.

नियम तोच, उपकरण तेच आणि उत्तर मात्र वेगळे. या विषयाची सगळी अडचण एवढ्यात आली. मला असे वाटते की हा विषय शिकवताना २,००० हा आकडा सांगण्याआधी रस्त्यावरच्या गाड्यांची ही हकीकत सांगावी. आकडा पाठ होतो, पण तो कशावर अवलंबून आहे ते हकीकतीतून कळते.

पृष्ठभागावरच्या वाऱ्याचा विचार सुरू झाला तो १९०४ साली. जर्मनीत हायडेलबर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे लुडविग प्रांटल यांनी एक छोटा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे, की पृष्ठभागाला टेकलेली हवा जागची हलत नाही आणि थोडे वर गेले की ती पूर्ण वेगाने धावते. या दोहोंमधला जो पातळ पट्टा, त्यातच घर्षणाचा सगळा खेळ चालतो. या पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. तो किती पातळ असतो? ताशी १८ किलोमीटरचा वारा गुळगुळीत सपाट पत्र्यावरून वाहत असेल तर कडेपासून एक मीटर आत गेल्यावर सीमास्तराची जाडी ८-९ मिलीमीटर भरते. संक्रमण घडते ते एवढ्याशा जाडीत.

आता वारा ताशी ७२ किलोमीटर करू. सपाट पट्टीवर संक्रमणासाठी रेनॉल्ड्स अंक साधारण पाच लाख धरतात. त्या हिशेबाने पुढच्या कडेपासून ३७-३८ सेंटिमीटरवर प्रवाह विस्कटायला हवा. पण अतिशय शांत वायुबोगद्यात, म्हणजे पंख्याने हवा ढकलून प्रयोग करायच्या बोगद्यात, हाच अंक २८ लाखांपर्यंत नेता आला आहे, म्हणजे संक्रमण दोन मीटरच्याही पुढे गेले. पट्टी गुळगुळीत होती आणि वेगही तोच. फरक होता तो येणाऱ्या हवेत मुळात किती हलचल आहे याचा.

हे उमगायला तीस-चाळीस वर्षे लागली, आणि ती कहाणी गॉटिंगेन या जर्मन विद्यापीठ-नगरात सुरू झाली. प्रांटल तिथे होते. प्रश्न असा होता: नितळ सीमास्तरात एक अगदी बारीक लाट उठली, तर ती विरून जाईल की वाढेल? प्रांटल यांचे शिष्य वॉल्टर टोलमीन यांनी १९२९ साली गणिताने दाखवले, की ठराविक कंप्रतेच्या लाटा ठराविक अंतरानंतर वाढू लागतात. हेरमान श्लिख्टिंग यांनी १९३३ मध्ये त्या किती वाढतात याचा हिशेब केला. पुढे पुंजभौतिकीत नाव मिळवलेले वेर्नर हायझेनबर्ग यांचा १९२३ चा डॉक्टरेटचा प्रबंधही अशाच प्रश्नावर होता. तरीही गॉटिंगेनबाहेर, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेत, या लाटांवर फार थोड्यांचा विश्वास होता. कारण साधे होते. वायुबोगद्यात तशा लाटा कोणालाच दिसत नव्हत्या.

याच सुमारास एक मराठी तरुण गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होता. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. भारतात परतल्यावर ते बंगळूरला गेले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची सुरुवातीची धुरा त्यांनी वाहिली. पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आखले गेले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडाले आणि भारतात आखून कारखान्यात नियमित बनू लागलेले ते पहिले इंजिनाचे विमान ठरले. पुष्पक, कृषक आणि किरण ही विमानेही त्यांचीच. आपल्याकडच्या शाळांत हे नाव क्वचितच ऐकू येते याचे मला फार वाईट वाटते. सीमास्तराची कल्पना ज्याने मांडली, त्याच्याच हाताखाली एक मराठी माणूस शिकला आणि ती विद्या घेऊन मायदेशी परतला, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानी पडली पाहिजे. त्या बंगळूरच्या विभागाकडे आपल्याला थोड्या वेळाने पुन्हा यायचे आहे.

पण टोलमीन यांच्या लाटा वायुबोगद्यात का दिसत नव्हत्या? कारण वायुबोगदेच गोंगाटी होते. पंख्याने ढकललेल्या हवेत आधीच इतके भोवरे असत की लाट वाढायला वावच मिळत नसे, सीमास्तर बाहेरच्या धक्क्यानेच विस्कटे. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या प्रयोगशाळेत ह्यू ड्रायडन यांनी बोगद्याच्या तोंडाशी बारीक जाळ्या एकामागे एक लावून हवा शांत केली. तिच्यातली हलचल सरासरी वेगाच्या हजारात एक भागाहूनही खाली आली. मग त्यांचे सहकारी शूबावर आणि स्क्रॅमस्टॅड यांनी केसाहून बारीक तार विजेने तापवून सीमास्तरात धरली. वारा तार थंड करतो, वेग बदलला की तारेचे तापमान बदलते आणि तो बदल पडद्यावर रेषेच्या रूपाने दिसतो. रेषेवर नियमित, सुबक लाटा उमटल्या. गॉटिंगेनच्या कागदावर होत्या त्याच.

त्यांनी आणखी एक सुंदर काम केले. पृष्ठभागाजवळ धातूची पातळ फीत ताणून बसवली आणि वीज व चुंबकाच्या साहाय्याने ती हव्या त्या कंप्रतेने थरथरवली. अशी लाट मुद्दाम सोडायची आणि पुढे ती वाढते की विरते ते मोजायचे. वाढणाऱ्या आणि विरणाऱ्या लाटांची सीमारेषा टोलमीन आणि श्लिख्टिंग यांनी काढलेल्या रेषेशी जुळली. युद्धामुळे हे निष्कर्ष काही वर्षे गुप्त राहिले आणि १९४७ साली उघडपणे छापून आले. सिद्धान्त खरा होता. तो पाहण्याइतकी शांतता फक्त कोणी निर्माण केली नव्हती.

लाटेचे गणित हाती आल्यावर भाकिताची वाट मोकळी झाली असे वाटावे. १९५६ साली हॉलंडच्या डेल्फ्टमध्ये व्हॅन इंगेन यांनी आणि अमेरिकेत डग्लस विमान कंपनीतल्या स्मिथ आणि गॅम्बेरोनी यांनी एकमेकांना नकळत एकच पद्धत बसवली. आपल्याला ती चक्रवाढ व्याजाच्या हिशेबाने चटकन समजेल. लाट पुढे सरकते तशी प्रत्येक टप्प्यावर ती आधी जेवढी होती त्याच्या काही टक्के वाढते. दर टप्प्याचा दर सिद्धान्तातून काढता येतो. सगळे टप्पे जोडले की एकूण किती पट वाढ झाली ते कळते. प्रयोगांशी ताडून पाहिल्यावर असे दिसले, की मूळ लाट साधारण आठ हजार पट झाली की प्रवाह विस्कटतो. गणिताच्या भाषेत ‘ई’चा नववा घात, म्हणजे सुमारे ८,१००. या घातांकाला ‘एन’ म्हणतात आणि साध्या वायुबोगद्यासाठी तो ९ धरतात. विमाने आखणारे अभियंते आजही ही पद्धत रोज वापरतात.

पण व्याजाचा दर कळला तरी मुद्दल किती होते हे कोणालाच माहीत नव्हते. बाहेरच्या हलचलीतली किती हलचल सीमास्तर आत घेतो आणि तिची पहिली लाट केवढी असते, हा हिशेब या पद्धतीत येतच नाही. तो ९ या आकड्यात गुपचूप धरलेला आहे. म्हणूनच वायुबोगदा बदलला की ९ बदलतो. उंच आकाशातल्या स्वच्छ, शांत हवेत उडणाऱ्या पंखासाठी तो त्याहून बराच मोठा घ्यावा लागतो. लेस्ली मॅक यांनी १९७७ साली हवेतली हलचल आणि एन यांची सांगड घालणारे एक सूत्र दिले. हलचल वेगाच्या हजारात ०.७ भाग असेल तर त्यातून एन ९ निघतो. ती शंभरात एक भाग झाली तर एन जेमतेम २.६ उरतो, म्हणजे लाट चौदा पट होण्याआधीच सगळे बिघडते. सूत्र उपयोगी आहे, पण ते अनुभवावर बेतलेले आहे, निसर्गाच्या नियमातून निघालेले नाही.

हे भाकीत एका बिंदूचे होते: इथे नितळ प्रवाह संपतो, इथे संक्षुब्ध सुरू होतो. प्रत्यक्षात असा बिंदू नसतोच. हार्वर्डमध्ये हॉवर्ड एमन्स यांनी १९५१ साली पाण्याच्या पातळ पत्र्यासारख्या प्रवाहाकडे पाहताना नोंदले, की खळबळ इथे-तिथे ठिपक्यांनी उठते. प्रत्येक ठिपका प्रवाहाबरोबर पुढे जातो, जाताना पसरतो, शेजारच्याला मिळतो आणि अखेर सगळा पृष्ठभाग व्यापतो. म्हणजे मधल्या पट्ट्यात एकाच जागी प्रवाह क्षणभर नितळ असतो, पुढच्या क्षणी तिथून ठिपका जातो म्हणून खळबळलेला असतो आणि पुन्हा नितळ होतो.

इथे बंगळूरचा तो विभाग पुन्हा येतो. घाटग्यांनी जिथे सुरुवात केली, तिथे १९५० च्या दशकात सतीश धवन शिकवत होते. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले तेच हे धवन. त्यांच्या हाताखाली रोद्दम नरसिंह हा तरुण संशोधक होता. एखाद्या जागी प्रवाह एकूण वेळेच्या किती हिश्शात संक्षुब्ध असतो, हे नरसिंह मोजत होते. कडेजवळ हा हिस्सा शून्य, फार पुढे एक आणि मध्ये हळूहळू चढत जाणारा. तोपर्यंत समज असा होता, की ठिपके पृष्ठभागावर कुठेही, सगळीकडे जन्मतात. तसे मानून आकडेमोड केली तर ती मोजणीशी जुळत नव्हती. नरसिंह यांनी १९५७ साली सुचवले, की ठिपके जवळजवळ एकाच अरुंद रेषेवर जन्मतात आणि मग पुढे पसरतात. एवढे मानताच मोजणी सूत्रात बसली. पुढच्या वर्षी धवन आणि नरसिंह यांनी ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये सविस्तर लेख लिहिला. त्यात हिस्सा २५ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर जायला जे अंतर लागते ते माप म्हणून धरले. त्या मापाने पाहिले की वेगवेगळ्या वेगांचे, वेगवेगळ्या बोगद्यांतले प्रयोग एकाच वक्ररेषेवर येऊन बसले.

मला हे या विषयातले सर्वांत देखणे पाऊल वाटते. कुठल्या क्षणी, कुठल्या जागी ठिपका उठेल हे सांगणे अशक्य आहे, हे त्यांनी मान्य केले. त्याऐवजी अशा असंख्य ठिपक्यांची बेरीज कशी वागते ते सांगितले. विमानाच्या घर्षणाला किंवा पात्याच्या तापमानाला तेवढेच लागते.

दुसऱ्या बाजूने या प्रश्नाला भिडलेला माणूस पुण्याचा. सुहास पाटणकर, जन्म १९४१. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मुंबई आयआयटीतून पुढचे शिक्षण आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पाल्डिंग यांच्याकडे डॉक्टरेट. गुरुशिष्यांचे १९६७ चे पुस्तक सीमास्तरातल्या उष्णतेवर आणि वस्तुमानाच्या वहनावर आहे. १९७२ साली दोघांनी मिळून प्रवाहाचा दाब आणि वेग संगणकावर एकमेकांशी जुळवत सोडवण्याची रीत दिली. ‘सिंपल’ या नावाने ती जगभरच्या प्रवाह-गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरली. पाटणकरांचे १९८० चे पुस्तक या क्षेत्रात शिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आजही पहिल्यांदा दिले जाते, कारण ते आकाराने लहान, स्पष्ट आणि कुठेही आव न आणणारे आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात असताना पाटणकर आणि त्यांचे विद्यार्थी रॉडनी श्मिट यांनी १९८० च्या दशकात नेमका संक्रमणाचाच प्रश्न घेतला. संदर्भ जेट इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्याचा होता. तिथे ज्वलनकक्षातून येणारा वायू इतका तप्त असतो, की आतून गार केले नाही तर पात्याचा धातू टिकणार नाही. पात्याच्या कुठल्या भागावरून पुढे प्रवाह संक्षुब्ध होतो, यावर तिथे किती उष्णता शिरेल हे ठरते. या वायूतली हलचल शंभरात कित्येक भाग असते. टोलमीनच्या लाटा हळूहळू वाढण्याची वाट प्रवाह तिथे बघतच नाही. बाहेरचे भोवरे सीमास्तरात घुसून थेट ठिपके उठवतात. मार्क मॉर्कोव्हिन यांनी १९६९ साली या आडवाटेला वेगळे नाव दिले होते. तिच्यावर एनचा हिशेब लागू पडत नाही.

श्मिट आणि पाटणकर यांनी संक्षुब्ध प्रवाहासाठी त्या काळी रूढ असलेली दोन समीकरणांची प्रारूपे घेतली आणि ती संक्रमण कितपत ओळखतात ते कसून तपासले. १९९१ साली त्यांचे दोन भागांतले निबंध प्रसिद्ध झाले. हलचल वाढवली की संक्रमण अलीकडे येते, एवढे प्रारूपांना कळत होते. मात्र ते प्रत्यक्षापेक्षा लवकर सुरू होई आणि फार थोड्या अंतरात पुरे होई. शिवाय गणना सुरू करताना कडेशी जे आकडे भरले, त्यांच्यावर उत्तर डोलत असे. दुसऱ्या भागात त्यांनी उपाय दिला. खळबळीची ऊर्जा प्रारूपात ज्या पदामुळे निर्माण होते, त्या पदाच्या वाढीला त्यांनी लगाम घातला आणि तो लगाम किती घट्ट ठेवायचा हे येणाऱ्या हलचलीवरून ठरवले. उत्तरे सुधारली. संक्षुब्ध प्रवाहाचे प्रारूप चालते म्हणून ते संक्रमणही आपोआप सांगेल, हा भरवसा मात्र या तपासणीने मोडून काढला, आणि पुढच्यांचा वेळ वाचला.

पुढच्या पिढीने संक्रमणासाठी वेगळी समीकरणे जोडली. २००४ ते २००९ या काळात लँग्ट्री आणि मेंटर यांनी आकाराला आणलेले प्रारूप आज उद्योगात सर्वाधिक वापरले जाते. त्याच्या दोन जादा समीकरणांपैकी एक आहे ते वेळेच्या हिश्शाचे, नरसिंह मोजत होते त्याच राशीचे. पण गणना सुरू करताना संगणक अजूनही विचारतो: येणाऱ्या हवेत हलचल किती? हा आकडा माणसालाच भरावा लागतो आणि तो चुकला तर पुढचे सगळे चुकते.

तेव्हा काही ठिकाणी माणसे भाकिताच्या भानगडीत पडत नाहीत, संक्रमण हव्या त्या जागी घडवूनच आणतात. याचा पहिला नमुनाही प्रांटल यांचाच. १९१४ साली त्यांनी वायुबोगद्यात एका गोलाभोवती बारीक तारेचे कडे बसवले. सीमास्तर तारेला अडखळून संक्षुब्ध झाला, त्यामुळे तो गोलाला अधिक मागेपर्यंत चिकटून राहिला, मागची पोकळी अरुंद झाली आणि हवेचा विरोध चक्क घटला. क्रिकेटच्या चेंडूची शिवण म्हणजे तेच तारेचे कडे. शिवण सुमारे वीस अंशांनी तिरकी ठेवून ताशी ११० किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकला, की एका बाजूचा सीमास्तर शिवणीवर अडखळून संक्षुब्ध होतो आणि दुसऱ्या बाजूचा नितळ राहतो. नितळ बाजूचा लवकर सुटतो, संक्षुब्ध बाजूचा उशिरा. मागची हवा एकीकडे ढकलली जाते आणि चेंडू शिवण जिकडे रोखलेली तिकडे वळतो. वेग पुरेसा वाढला, किंवा एक बाजू जुनी आणि खडबडीत झाली, की शिवणीपर्यंत पोहोचायच्या आतच दोन्हीकडे संक्रमण होऊन जाते. मग शिवण आपल्या बाजूचा सीमास्तर नुसता जाड आणि अशक्त करते, तो आधी सुटतो आणि चेंडू उलटा वळतो. श्रीरामपूरच्या झहीर खानने जुन्या चेंडूने फलंदाजांना जे चकवले, त्यात त्याला चेंडूच्या दोन बाजूंवरच्या संक्रमणाच्या जागा पक्क्या ठाऊक होत्या, गणिताशिवाय. अहमदपूरच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलांना असा स्विंग मिळत नाही, कारण त्यावरची लव सगळ्याच बाजूंनी प्रवाह सारखाच विस्कटून टाकते. अर्ध्या चेंडूला टेप गुंडाळली की दोन बाजू वेगळ्या होतात आणि चेंडू वळू लागतो.

पवनचक्कीची गोष्ट याहून अवघड आहे. अहमदपूर बालाघाटच्या पठारावर आहे. याच डोंगररांगेच्या पश्चिमेकडे, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत, पवनचक्क्या उभ्या आहेत. मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने हवा कापते. तिथे रेनॉल्ड्स अंक चाळीस-पन्नास लाखांपर्यंत जातो. जमिनीजवळचा वारा मुळात संक्षुब्धच असतो, मग पात्यावर नितळ सीमास्तर टिकतो तरी कसा? कारण त्या वाऱ्यातले बहुतेक भोवरे घराएवढे, शेताएवढे असतात आणि पात्यावरचा सीमास्तर काही मिलीमीटरचा. एवढा मोठा भोवरा पात्याच्या दृष्टीने वाऱ्याचा सावकाश झालेला चढउतार ठरतो. सीमास्तराला छळतात ते त्याच्या मापाचे धक्के: पात्याच्या कडेवर बसलेली धूळ, चिकटून वाळलेले किडे, पावसाच्या थेंबांनी झिजलेला रंग.

किड्यांची एक नोंद २००१ साली ‘नेचर’मध्ये आली. कॅलिफोर्नियातल्या काही पवनचक्क्या त्याच वाऱ्यात कधी पूर्ण वीज देत, तर कधी जवळपास निम्मीच, आणि कारण सापडत नव्हते. कोर्टेन आणि वेल्डकाम्प यांनी ते शोधले. किडे वारा मंद असताना उडतात. तेव्हा ते पात्याच्या पुढच्या कडेवर आपटून चिकटतात. मंद वाऱ्यात त्याचा परिणाम जाणवत नाही, पण पुढे वारा जोराचा झाला की चिकटलेल्या किड्यांवरून प्रवाह अडखळतो, पृष्ठभागापासून आधीच सुटतो आणि वीज घटते. पावसाने पाते धुतले गेले की उत्पादन पूर्ववत होते.

कुठल्या पात्यावर कुठल्या दिवशी किती किडे बसतील याचे भाकीत कोण करणार? म्हणून अमेरिकेत टँगलर आणि सोमर्स यांनी १९८४ पासून पवनचक्क्यांसाठी पात्यांचे वेगळे आकार आखायला घेतले. पात्याचा उचल देण्याचा जोर कमाल पातळीवर पोहोचण्याच्या जरासे आधी संक्रमणाची जागा आपोआप पुढच्या कडेपर्यंत सरकून येईल, असा त्यांनी पृष्ठभागाला बाक दिला. पाते स्वच्छ असो वा धुळीने माखलेले, कमाल जोराच्या वेळी सीमास्तर कडेपासूनच संक्षुब्ध असतो. त्यामुळे धुळीने बिघडवायला तिथे फारसे काही उरत नाही. कमी वाऱ्यात मात्र स्वच्छ पात्यावर नितळ प्रवाह लांबवर टिकतो आणि त्याचा फायदा मिळत राहतो. अशा पात्याची चाचणी वायुबोगद्यात दोनदा करतात. एकदा गुळगुळीत पृष्ठभागावर आणि एकदा कडेजवळ खडबडीत पट्टी चिकटवून. पाते निवडताना या दोन आलेखांमधले अंतर किती कमी आहे, हे आधी पाहिले जाते.